आयझॅक वॉल्टन आणि गळाचे सोबती

इंग्रजी विषय घेऊन बी. ए. करणाऱ्याला आयझॅक वॉल्टन हे नाव भेटते ते बहुधा जॉन डनच्या पाठोपाठ. डनचे पहिले चरित्र लिहिणारा तो वॉल्टन, एवढे वहीत टिपून आपण पुढच्या कवीकडे वळतो. खुद्द इंग्लंडात मात्र हे नाव काढले की सामान्य माणसाला डन आठवत नाही. त्याला नदी आठवते, काठावरची हिरवळ आठवते आणि मासा आठवतो. गळ टाकून मासे धरण्याच्या छंदावर वॉल्टनने १६५३ साली एक लहानसे पुस्तक लिहिले. 'द कम्प्लीट अँग्लर' हे त्याचे नाव. त्याच्या आजवर शेकडो आवृत्त्या निघाल्या आणि ज्यांनी जन्मात कधी गळ हातात धरला नाही, अशांनीही ते आवडीने वाचले.

आपल्या भाषेत गळाची अब्रू काही फारशी बरी नाही. एखादा गळाला लागला म्हणजे तो फसला. पाण्याकडे डोळे लावून तासन्‌तास बसणारा माणूस आपल्या लेखी रिकामटेकडा. वॉल्टनच्या काळी लोकांचे मत याहून फार निराळे नव्हते. शिकारी आणि बहिरी ससाणे पाळणारे सरदार लोक गळ टाकणाऱ्याला भोळसट समजत. अशा हेटाळल्या जाणाऱ्या मूठभर माणसांचा एक सोबत्यांचा मेळा वॉल्टनने आयुष्यभर जमवला. त्याला ना नोंदणी होती, ना वर्गणी, ना अध्यक्ष. पण त्यात प्रवेश मिळवणे सोपे होते असेही नाही. वॉल्टनचे चरित्र मला महत्त्वाचे वाटते ते या मेळ्यात कोण आले, कसे आले आणि ते कोणत्या दिवसांत आले, यासाठी.

वॉल्टनचा जन्म १५९३ साली स्टॅफर्ड या गावी झाला. बाप दारूचा गुत्ता चालवी. मुलगा चार वर्षांचाही झाला नव्हता तोच बाप वारला. आईने दुसरा घरोबा केला. पुढे पोरगा लंडनला बहिणीच्या नवऱ्याकडे उमेदवारी करायला आला आणि कापडाच्या धंद्यात पडला. १६१८ साली लोहारव्यावसायिकांच्या संघाचा तो रीतसर सभासद झाला. कापड विकणारा लोहारांच्या संघात कसा, असा प्रश्न आपल्याला पडतो. पण लंडनचे हे जुने संघ तोवर नावापुरतेच त्या त्या धंद्याचे उरले होते. फ्लीट स्ट्रीटवर, चान्सरी लेनच्या कोपऱ्याजवळ त्याने दुकान थाटले, तेही अर्धे. उरलेल्या अर्ध्यात एक मोजेविक्या बसे. विद्यापीठाचे तोंड त्याने पाहिले नाही. लॅटिन त्याला बेताचेच येई.

असा हा अर्ध्या दुकानाचा धनी साहित्याच्या इतिहासात आला तो शेजारामुळे. दुकान ज्या सेंट डन्स्टन चर्चच्या हद्दीत होते, तेथे १६२४ साली धर्मगुरू म्हणून जॉन डन आला. वॉल्टन त्या चर्चच्या कारभारात लक्ष घालणाऱ्यांपैकी एक. प्रवचने ऐकता ऐकता ओळख झाली, ओळखीची मैत्री झाली. डनने आपल्या अखेरच्या दिवसांत हिरव्यावर तांबडे ठिपके असलेल्या रक्ताश्मावर नांगर आणि त्यावर ख्रिस्त अशा मुद्रा कोरून घेतल्या आणि अगदी निवडक मित्रांना त्या वाटल्या. त्या मित्रांत बिशप होते, कवी होते, राजदूत होता. आणि हा कापडविक्याही होता. ती मुद्रा वॉल्टनने जन्मभर जपली. तिची गाठ आपल्याला पुढे पुन्हा पडेल.

त्यातला राजदूत म्हणजे सर हेन्री वॉटन. व्हेनिसच्या दरबारी इंग्लंडची वकिली करून आलेला हा गृहस्थ म्हातारपणी ईटनच्या प्रसिद्ध विद्यालयाचा प्रमुख झाला होता आणि विद्यालयाच्या खालच्या अंगाने वाहणाऱ्या थेम्सवर गळ टाकून बसे. वॉल्टन तेथे जाई. डनचे चरित्र खरे तर वॉटन लिहिणार होता. वॉल्टनकडे त्याने फक्त माहिती गोळा करण्याचे काम सोपवले होते. १६३९ च्या डिसेंबरात वॉटन वारला. डनची प्रवचने छापून तयार होत होती आणि चरित्र मात्र नव्हते. तेव्हा मदतनिसानेच लेखणी उचलली. सत्तेचाळिसाव्या वर्षी, १६४० साली, वॉल्टन लेखक झाला तो असा. एका नदीकाठच्या सोबत्याचे अपुरे राहिलेले काम पुरे करायला म्हणून.

त्याच साली त्याची पत्नी रेचल वारली. १६२६ साली त्यांचे लग्न झाले होते. सात मुले झाली. एकही जगले नाही. चरित्रकार ही गोष्ट एका ओळीत सांगून पुढे जातात, कारण वॉल्टनने स्वतः या दुःखाबद्दल जवळजवळ काही लिहिलेले नाही. पण त्याच्या पुस्तकातली शांतता ही सुखवस्तू माणसाची शांतता आहे असे जे कोणी समजतात, त्यांनी सेंट डन्स्टनच्या दफनाची नोंदवही डोळ्यांपुढे आणावी. १६४७ साली त्याने ॲन केन हिच्याशी दुसरे लग्न केले. पुढे नामांकित बिशप झालेला टॉमस केन हा तिचा सावत्र भाऊ. या लग्नापासून झालेली एक मुलगी आणि एक मुलगा मात्र जगले.

दरम्यान देशात आग लागली होती. १६४२ साली राजा आणि पार्लमेंट यांच्यात युद्ध जुंपले. १६४५ साली आर्चबिशप लॉडचा शिरच्छेद झाला, १६४९ च्या जानेवारीत खुद्द राजाचा. चर्चचे जुने प्रार्थनापुस्तक बेकायदा ठरले, बिशपांची पदे गेली, शेकडो धर्मगुरूंना घरादारांतून बाहेर काढण्यात आले. वॉल्टनची सारी मैत्री याच लोकांशी. ऑक्सफर्डच्या एका महाविद्यालयाचा प्रमुख गिल्बर्ट शेल्डन १६४८ साली पद गमावून बसला. हा शेल्डन बार्बेल नावाचा दांडगा नदीतला मासा धरण्यात इतका तरबेज होता, की त्याच्या आसपासच्या गरिबांना त्याच्या कौशल्याचा लाभ मिळतो असे वॉल्टनने मुद्दाम लिहून ठेवले आहे. ऑक्सफर्डचाच प्राध्यापक रॉबर्ट सँडरसन हाही असाच पदच्युत. तो एकदा लंडनच्या रस्त्यात वॉल्टनला अचानक भेटला, अंगावर अगदी साधे, उदास रंगाचे कपडे. पाऊस आला म्हणून दोघे एका घरात शिरले आणि शेकोटीपाशी पाव, चीज आणि एल नावाची बिअर यांवर तासभर बोलत बसले. तो तास वॉल्टनला इतका मोलाचा वाटला, की कित्येक वर्षांनी सँडरसनचे चरित्र लिहिताना त्याने तो सबंध उतरवला आहे.

वॉल्टन स्वतः लढाईत उतरला नाही. पण एक धाडस त्याच्या नावावर आहे. ३ सप्टेंबर १६५१ रोजी वूस्टरच्या लढाईत राजपुत्र चार्ल्सचा पराभव झाला आणि तो पळाला. त्याचे एक रत्नजडित राजचिन्ह कर्नल ब्लेगपाशी राहिले. ब्लेगने ते स्टॅफर्डशायरमधल्या एका घरी लपवले आणि तो पकडला जाऊन लंडनच्या टॉवरमध्ये कैद झाला. ते रत्न हातोहात फिरत वॉल्टनकडे आले आणि अठ्ठावन्न वर्षांच्या या कापडविक्याने ते लंडनपर्यंत नेऊन कैदेतल्या ब्लेगच्या हाती पोचवले. ब्लेग पुढे टॉवरमधून निसटला आणि रत्न राजाला मिळाले. वाटेत झडती झाली असती तर काय झाले असते, हे सांगायला नको.

आता १६५३ हे साल पाहा. त्या एप्रिलमध्ये क्रॉमवेलने सैनिक नेऊन पार्लमेंटच हाकलून दिले आणि मे महिन्यात फ्लीट स्ट्रीटवरच्या रिचर्ड मॅरियटच्या दुकानात वॉल्टनचे मासे धरण्याचे पुस्तक अठरा पेन्सांना विकायला आले. देशाचे डोके फिरले असताना हा माणूस गांडुळे कशी साठवावी ते सांगतो, याचा राग येणारे वाचक आहेत. मला तसे वाटत नाही. त्या दिवसांत जुन्या मताच्या चार माणसांनी उघड एकत्र जमणे धोक्याचे होते. नदीकाठी गळ टाकून बसलेल्या चौघांना मात्र कोण हटकणार? पुस्तकाच्या अखेरीस संत पॉलच्या पत्रातला शांतपणे राहण्याचा उपदेश आहे. ज्यांच्या बोलण्यावर बंदी आली होती, त्या वाचकांना त्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नव्हती.

पुस्तकाची रचना साधी आहे. मे महिन्यातल्या एका सकाळी लंडनच्या उत्तरेस टॉटनहॅमच्या टेकडीवर काही वाटसरू एकमेकांना भेटतात. पहिल्या आवृत्तीत ते दोनच होते. १६५५ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून तीन झाले. एक मासे धरणारा, एक शिकारी आणि एक ससाणेवाला. जो तो आपल्या छंदाची थोरवी गातो. ससाणेवाला आपल्या वाटेने जातो. शिकारी मात्र कुतूहलाने मासेवाल्याबरोबर ली नदीच्या काठाने चालू लागतो आणि पाच दिवसांत त्याचा शिष्य होऊन जातो. सारे पुस्तक म्हणजे एका माणसाने एका लहानशा मेळ्यात प्रवेश घेण्याची गोष्ट आहे. परीक्षा अशी कोणी घेत नाही. दुसऱ्या दिवशी त्याला चब नावाचा मासा धरून दाखवला जातो. लोक त्याला बेचव म्हणतात, पण नीट साफ करून, पोटात वनस्पती भरून भाजला तर तो कसा उत्तम लागतो हे गुरू सांगतो. मग ट्राउट. सर्वांत जास्त पाने या एका माशाने खाल्ली आहेत.

ट्राउट आपल्याकडे फारशा कोणी पाहिलेला नसतो. इंग्रजांनी तो काश्मीरच्या आणि निलगिरीच्या थंड पाण्यात आणून सोडला, एवढाच त्याचा आपल्याशी संबंध. अंगावर ठिपके असलेला, चपळ, फार सावध मासा. त्याला थंड, वाहते, निर्मळ पाणी लागते. पाण्यावर उडणाऱ्या माश्या हे त्याचे खाद्य. म्हणून गळाच्या आकड्यावर पिसे, लोकर आणि रेशीम गुंडाळून खोटी माशी बनवायची आणि ती पाण्यावर अशी अलगद टाकायची की ट्राउटला ती खरी वाटावी. गळाची दोरी त्या काळी घोड्याच्या शेपटीच्या केसांची असे आणि काठी पाच-सहा वार लांब. काठावर माणसाची सावली हलली की मासा गेला. म्हणजे या छंदात हाताच्या कौशल्याबरोबर गप्प राहण्याचेही शिक्षण होते.

गुरू-शिष्य संध्याकाळी खानावळीत उतरतात. तेथे चादरी स्वच्छ असतात, त्यांना लॅव्हेंडरचा वास येत असतो, भिंतींवर गाण्यांचे छापील कागद चिकटवलेले असतात. आणखी दोन सोबती येऊन मिळतात, मासा वाटून खाल्ला जातो, गाणी होतात. दूध काढणारी एक पोर आणि तिची आई वाटेत गाणे म्हणतात. मेळ्यात बायकांना एवढीच जागा आहे हे खरे. त्या गातात, मासा रांधतात आणि पानाआड जातात.

दोष पुस्तकात आणखीही आहेत. पाइक मासा एका पाणवनस्पतीपासून उत्पन्न होतो, काही इल मासे दवापासून होतात, असल्या समजुती वॉल्टनने जुन्या ग्रंथांवर विश्वास टाकून लिहिल्या. रिचर्ड फ्रँक नावाचा एक गृहस्थ होता. क्रॉमवेलच्या बाजूचा सैनिक आणि स्कॉटलंडच्या नद्यांवर सामन धरण्यात मुरलेला. त्याने स्टॅफर्डला वॉल्टनला समोरासमोर या पाइकच्या वनस्पतीवरून छेडले. वॉल्टनने पंडितांची नावे पुढे केली आणि तो निघून गेला, असे फ्रँक लिहितो. फ्रँकचे म्हणणे शास्त्राच्या दृष्टीने बरोबर होते. पण त्याचे पुस्तक इतके तिरसट आणि शब्दबंबाळ आहे, की आज ते वॉल्टनमुळेच कोणाला ठाऊक असले तर असते. उसनवारीचाही प्रश्न आहे. माशी टाकण्याची विद्या आपण टॉमस बार्करकडून घेतली हे वॉल्टनने प्रामाणिकपणे सांगितले. परंतु १५७७ साली छापलेल्या एका निनावी पुस्तकाची एकुलती एक प्रत विसाव्या शतकाच्या मध्यास उजेडात आली आणि वॉल्टनच्या पहिल्या आवृत्तीतल्या दोन पात्रांची नावेसुद्धा त्या पुस्तकातली आहेत असे आढळले. त्याचे ऋण त्याने कोठेच मानलेले नाही. त्या काळी ही रीत होती असे म्हणून मी त्याला सोडून देणार नाही. मित्रांच्या बाबतीत एवढा काटेकोर असलेल्या माणसाकडून अधिक अपेक्षा होती.

आणि बेडकाचे प्रकरण तर प्रसिद्धच आहे. जिवंत बेडूक आमिष म्हणून आकड्याला कसा शिवावा हे सांगताना, त्याच्यावर आपले प्रेम असल्यासारखे त्याला हळुवार हाताळावे अशी सूचना तो करतो. ती पोटी दया होती की हिशेब, हे ज्याचे त्याने ठरवावे. बायरनने मात्र 'डॉन हुआन' काव्यात वॉल्टनला क्रूर म्हातारा ठरवून त्याच्याच घशात गळ अडकवण्याची शिक्षा सुचवली आहे. उलट बाजूला चार्ल्स लँब आणि वर्ड्‌स्वर्थ यांना हे पुस्तक जिवापाड प्रिय होते.

१६६० साली राजा परत आला. शेल्डन पुढे आर्चबिशप झाला, सँडरसन बिशप झाला. जुना स्नेही जॉर्ज मॉर्ली वूस्टरचा आणि दोनच वर्षांनी विंचेस्टरचा बिशप झाला. त्याने वॉल्टनला आपल्या घरी नेले. १६६२ साली ॲन वारली. तिला वूस्टरच्या कॅथीड्रलमध्ये पुरले. त्यानंतर वॉल्टन बिशपच्या आश्रयाने राहिला आणि हुकर, हर्बर्ट, सँडरसन यांची चरित्रे लिहीत राहिला. ज्यांना सूड उगवायचे होते त्यांनी ते या वर्षांत उगवून घेतले. वॉल्टनने याच १६६२ साली काय केले ते पाहा. रॉबर्ट व्हेनेबल्स हा क्रॉमवेलचा सेनानी. १६५५ च्या वेस्ट इंडीजच्या मोहिमेत जमैका घेणारा आणि परत आल्यावर त्याच क्रॉमवेलकडून टॉवरमध्ये टाकला गेलेला. त्याने मासे धरण्यावर एक पुस्तक लिहिले. त्या पुस्तकाच्या आरंभी वॉल्टनचे पत्र आहे. आपण एकमेकांचे तोंडही पाहिलेले नाही, पण या विषयावर इतके चांगले दुसरे कोणी लिहिलेले नाही, अशा अर्थाचे. वूस्टरच्या लढाईनंतर जीव धोक्यात घालून राजाचे रत्न वाहून नेणारा हा माणूस, आणि त्याने राजाच्या शत्रूच्या सेनापतीला असे आपल्यात घेतले.

आता चार्ल्स कॉटन. त्याच्याशिवाय ही हकिकत पुरी होत नाही. डर्बीशायर आणि स्टॅफर्डशायर यांच्या सीमेवरून डव्ह नदी चुनखडीच्या उंच कड्यांमधून वाहते. तिच्या काठी बेरेसफर्ड येथे कॉटनचा वाडा होता. जन्म १६३० चा, म्हणजे वॉल्टनहून सदतीस वर्षांनी लहान. बाप वॉल्टनच्या मित्रमंडळातला, त्यामुळे ओळख घरचीच. याहून विजोड जोडी शोधून सापडणार नाही. वॉल्टन देवभीरू, मोजके पिणारा, आयुष्यात कधी कोणाचा पैसा न बुडवलेला व्यापारी. कॉटन जमीनदाराचा मुलगा, कवी, व्हर्जिलची चावट विडंबने लिहिणारा, सदैव कर्जात बुडालेला. सावकार आले की तो वाड्याजवळच्या गुहेत लपे अशी आख्यायिका आहे. पण त्याला डव्हमधला ट्राउट आणि त्याच्याच कुळातला ग्रेलिंग यांची जेवढी खडान्‌खडा माहिती होती तेवढी इंग्लंडात दुसऱ्या कोणाला नसेल. तो वॉल्टनला वडील म्हणे आणि वॉल्टन त्याला मुलगा. सात मुले पुरलेल्या माणसाने हे नाते हलक्या मनाने जोडले असेल असे मला वाटत नाही.

१६७४ साली कॉटनने वाड्याखाली, नदीच्या वळणावर एक लहानसे दगडी घर बांधले. चौकोनी, एकच खोली, वर निमुळते छप्पर. दारावरच्या दगडात त्याने ते मासे धरणाऱ्यांना अर्पण केल्याचे लॅटिनमध्ये कोरले आणि त्याखाली दोन नावांची आद्याक्षरे एकमेकांत गुंतवून खोदली : वॉल्टनची आणि स्वतःची. एवढे लहान मंडळ जगात दुसरे नसेल. सभासद दोन, मासे दोन, नदी एक. ते घर आजही उभे आहे.

वॉल्टनच्या पुस्तकाची पाचवी आवृत्ती १६७६ साली निघायची होती. खोट्या माशीने ट्राउट धरण्याच्या कलेत आपले ज्ञान तोकडे आहे हे वॉल्टन जाणून होता, म्हणून तो भाग त्याने कॉटनला लिहायला सांगितला. कॉटनने तो जेमतेम दहा दिवसांत लिहून काढला. त्यातही एक परका माणूस मेळ्यात येतो. ॲशबोर्नच्या वाटेवर एसेक्सचा एक प्रवासी घोड्यावरून चाललेला असतो. बोलता बोलता त्याने वॉल्टनचे पुस्तक वाचले आहे, वॉल्टनला तो ओळखतो, हे कळते आणि त्याबरोबर त्याला आपल्या घरी उतरण्याचा आग्रह होतो. तेवढीच शिफारस पुरे. मग त्याला भयंकर चढउतारांवरून नेले जाते. मिलडेल येथल्या अरुंद दगडी पुलावरून जाताना तो बिचारा भेदरतो. त्या पुलाला आजही या प्रवाशाचेच नाव आहे. सकाळी यजमानाची न्याहारी म्हणजे एक पेला एल आणि एक पाइप तंबाखू. नदीकाठच्या घरात बसवून त्याला माशी बांधायला शिकवतात, बांधून घेतात, मग पाण्यावर नेतात. येथे मात्र कसोटी आहे. आकड्याजवळची दोरी घोड्याच्या दोनच केसांची असावी आणि झाडझुडूप नसलेल्या पाण्यात तेवढ्यावर ज्याला वीस इंची ट्राउट काढता येत नाही, त्याने स्वतःला गळ टाकणारा म्हणवू नये, असे कॉटन बजावतो. वॉल्टनच्या मेळ्यात यायला चांगले मन पुरे होते. मुलाने त्याला हातचे कसबही जोडले.

प्रवासी विचारतो, वॉल्टन येथे येऊन गेले आहेत का. त्यावरचे उत्तर असे, की आद्याक्षरांचा दगड कोरला गेला तेव्हा त्यांनी तो पाहिला; पण ते मागे आले तेव्हा बांधकाम चालू होते, पुरे झालेले घर त्यांनी अजून पाहिलेले नाही. पुस्तकाच्या अखेरीस वॉल्टनचे २९ एप्रिल १६७६ या तारखेचे लंडनहून लिहिलेले पत्र छापले आहे. आपण तुमच्यापासून शंभर मैलांहून दूर आहोत आणि वयाचे त्र्याऐंशीवे वर्ष चालू आहे, पण या दोन्ही गोष्टी विसरून पुढच्या महिन्यात तुमच्या भेटीच्या यात्रेला निघतो, असे त्यात तो कळवतो. त्या खंडाला तिसरा भाग म्हणून जोडला होता तो व्हेनेबल्सचा. एका बांधणीत तिघे : राजनिष्ठ म्हातारा, कर्जबाजारी कवी आणि क्रॉमवेलचा सेनापती.

या तिघांच्या नावाने पुढे बरेच काही झाले. १६७६ नंतर पुस्तक तब्बल चौऱ्याहत्तर वर्षे छापले गेले नाही, डॉ. जॉन्सनच्या सांगण्यावरून मोझेस ब्राउनने १७५० साली ते पुन्हा काढले. १८२२ साली टेस्ट नदीच्या काठी स्टॉकब्रिज येथे ट्राउटच्या नादाने थोड्या मंडळींनी हाउटन क्लब काढला. तो अजून आहे आणि अजून लहानच आहे. तेथे प्रवेश मिळवण्यासाठी लागणारा पैसा आणि वशिला पाहता फ्लीट स्ट्रीटवरच्या अर्ध्या दुकानदाराला आत कोणी घेतले असते का, अशी शंका येते. १९२२ साली शिकागो येथे चोपन्न जणांनी वॉल्टनच्याच नावाने संघ स्थापला, तो मात्र नद्यांचे पाणी स्वच्छ राहावे म्हणून झटतो.

१६८३ च्या ऑगस्टमध्ये वॉल्टनने स्वतःच्या हाताने मृत्युपत्र लिहायला घेतले. शॅलोफर्डची शेतजमीन मुलाला, पण विशिष्ट परिस्थितीत तिचे उत्पन्न स्टॅफर्डच्या गरिबांना. त्यातून गरीब मुलांना कामधंद्याला लावावे, थंडीत कोळसा वाटावा. ऑक्टोबरात त्याने ते पुरे केले आणि त्यावर डनने दिलेल्या रक्ताश्माच्या मुद्रेने लाख उमटवली. डनला जाऊन तेव्हा बावन्न वर्षे झाली होती. १५ डिसेंबरला, थेम्स गोठवणाऱ्या त्या हिवाळ्यात, विंचेस्टर येथे जावयाच्या घरी त्याने नव्वदाव्या वर्षी प्राण सोडला. विंचेस्टरच्या कॅथीड्रलमध्ये काळ्या दगडाखाली त्याला पुरले आहे.

मृत्युपत्रात त्याने बऱ्याच जणांना अंगठ्या ठेवल्या होत्या, त्यांतल्या मित्रांच्या अंगठ्यांवर मित्राचा निरोप अशा अर्थाचे शब्द कोरायचे होते. त्या यादीत पुस्तक छापणारा रिचर्ड मॅरियट आहे आणि चार्ल्स कॉटनही आहे. कर्जापायी बेरेसफर्डचा वाडा कॉटनने १६८१ सालीच विकला होता. अंगठीवर त्याचे नाव पडले तेव्हा नदीकाठचे ते घर त्याच्या मालकीचे राहिलेले नव्हते.